पवित्र शास्त्राचं एक वर्ष आणि वाचायचे राहिलेले 52 अध्याय

28 डिसेंबर 2025, रविवार. उपासना आटोपल्यावर आम्ही बाराजण मागच्या खोलीत गोल करून बसलो आणि बायबलमधलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण, त्याचे शेवटचे चार अध्याय मोठ्याने वाचले. 1 जानेवारीला पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, निघालो होतो, ते इथे येऊन पोचलो. एका वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं असं ठरवून फेब्रुवारीत हात टेकलेले पुष्कळजण मला माहीत आहेत. मी स्वतः याआधी दोनदा टेकले आहेत. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवक संघात सेवा करते. 13 ते 24 वयाची मुलं-मुली, दर शनिवारी संध्याकाळची सभा, वर्षातून एक शिबिर, आणि मध्ये मध्ये कुणाचा तरी रडत आलेला फोन. हे करताना 11 वर्षं झाली. सप्टेंबर 2024 मध्ये एका शनिवारी सभा संपल्यावर खुर्च्या रचताना एका मुलीने सहज विचारलं, “ताई, सध्या तुम्ही स्वतःसाठी काय वाचताय?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर जे जे आठवत होतं ते सभेतल्या कुठल्या ना कुठल्या संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, तयारीचं निघालं. शास्त्र रोज हातात होतं, पण त्यासोबत पेन्सिलही असायची. एखादं वचन मनाला लागलं की लगेच दुसरा विचार यायचा, हे शनिवारी सांगता येईल. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दोन आठवड्यांनी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, म्हटलं की पुढचं वर्षभर मुलांबरोबर नुसतं वाचायचं आहे. दर शनिवारी वेगळा संदेश तयार करणार नाही, त्या आठवड्यात जे वाचलं त्यावरच बोलू. ते म्हणाले, “चांगलं आहे. पण कागदावर लिहून द्या.” इथपासून कागदपत्रं सुरू झाली. तीही सांगते, कारण पहिल्या वाचनाआधीच इथे धीर सुटू शकतो.

ऑक्टोबरच्या बैठकीत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने माझा अर्ज तीन प्रश्न विचारून परत पाठवला. 18 वर्षांखालील मुलांच्या पालकांची लेखी संमती कुठे आहे? फोनवरच्या ग्रुपमध्ये मुलांशी कोण आणि किती वाजेपर्यंत बोलणार? आणि सभेला दुसरी मोठी व्यक्ती कोण असणार? तेव्हा मला राग आला होता. वाचायला बसायचं तर एवढं कशाला, असं वाटलं. आता वाटतं, तिन्ही प्रश्न अगदी योग्य होते. मुलांचा विश्वास ही फार नाजूक ठेव आहे आणि ती एका माणसाच्या चांगुलपणावर सोडून देऊ नये. शेवटी असं ठरलं: ग्रुपमध्ये कायम दोन मोठी माणसं, कुठल्याही अल्पवयीन मुलाला खासगी संदेश नाही, रात्री 9 नंतर ग्रुप बंद, खोलीचं दार उघडं. माझे सहकारी काका निवृत्त शिक्षक आहेत, ते दुसरी व्यक्ती म्हणून तयार झाले. आम्हा दोघांना पोलीस पडताळणीचा दाखला आणावा लागला. माझ्या अर्जात आणि ओळखपत्रात नावाचं एक अक्षर वेगळं निघालं, म्हणून तो एकदा परत आला आणि एकूण 26 दिवस गेले. हे करणाऱ्यांनी सगळ्यात आधी हा दाखला मागायला टाकावा, बाकीची कामं त्या वाट पाहण्यात होऊन जातात. 14 डिसेंबरला मंजुरीचं पत्र हातात आलं. पैशांचा खर्च जवळपास नव्हताच. वेळापत्रकाच्या झेरॉक्स काढल्या, आणि ज्यांच्याकडे शास्त्र नव्हतं त्यांना मंडळीच्या कपाटातल्या जुन्या प्रती दिल्या.

वेळापत्रकावर आमचा बराच खल झाला. स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी एक क्रम तयार केला होता, तो आजही पुष्कळ ठिकाणी वापरतात. रोज चार ठिकाणचे अध्याय वाचायचे. वर्षात जुना करार, म्हणजे येशूच्या आधीचा भाग, एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. त्या क्रमाचे फायदे सांगण्याआधी त्यांनी धोके लिहिले आहेत. वाचन नुसता रिवाज होईल, वाचल्याचा गर्व चढेल, घाईघाईने वाचलं जाईल, आणि काहींना ते न पेलणारं जोखड होईल. वर्षभरात हे चारही धोके आम्ही भोगले. पण मुलांना रोज चार ठिकाणी उड्या मारणं नको होतं. म्हणून सरळ क्रम धरला: एकूण 1189 अध्याय, रोज तीन, रविवारी पाच. तीन अध्यायांना साधारण 15 मिनिटं लागतात. सरळ क्रमाची एक किंमत आहे, ती आधीच समजून घ्या. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, ऑक्टोबरपर्यंत येत नाही.

1 जानेवारीला 31 नावं होती. उत्पत्ती आणि निर्गम म्हणजे उतारावरची सायकल. योसेफाच्या गोष्टीत तर मुलं ठरलेल्यापेक्षा पुढे पळत होती. वाचून झालं की ग्रुपवर बरोबरची खूण टाकायची, असा नियम मी केला होता. 28 जानेवारीला लेवीय, म्हणजे अर्पणांच्या आणि शुद्धतेच्या नियमांचं पुस्तक, सुरू झालं आणि खुणा कमी होत गेल्या. 31 च्या 22, मग 17. शनिवारी मुलं माझ्याकडे न बघता आत येऊ लागली. एक मुलगा तर दोन शनिवार आलाच नाही. मी रस्त्यात गाठून विचारलं तेव्हा म्हणाला, “ताई, मी 11 दिवस मागे आहे. ते भरून काढलं की येतो.” मला एकदम धस्स झालं. देवाच्या घरी यायच्या आधी थकबाकी चुकवायची, हे त्याला कुणी शिकवलं? माझ्या खुणांनीच ना?

15 फेब्रुवारीला मी खुणा बंद केल्या आणि नवा नियम सांगितला: मागे राहिलात तर मागचं सोडा, सगळे आज जिथे आहेत त्या पानावर या. काकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते शिस्तीशिवाय वाचन टिकत नाही आणि मी मुलांना पळवाट दाखवत होते. आमचं यावर चांगलंच वाजलं, मुलांसमोर नाही, पण वाजलं. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, कारण काहीजण खरोखरच पळवाटेने गेले ते परत आले नाहीत. तरी हाच नियम मी पुन्हा करीन. 11 दिवस मागे असलेला तो मुलगा 28 डिसेंबरला माझ्या शेजारी बसला होता.

याच दिवसांतली एक शनिवारची सभा मला पुन्हा पुन्हा आठवते. 8 फेब्रुवारी. आदल्या दिवशी गणना या पुस्तकाचा 7वा अध्याय झाला होता. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते: 89 वचनं आहेत. बारा वंशांचे सरदार वेदीच्या समर्पणासाठी बारा दिवस एकामागून एक अर्पण आणतात. चांदीचं ताट 130 शेकेल (हे वजनाचं जुनं माप), चांदीचा कटोरा 70 शेकेल, धूपाने भरलेलं 10 शेकेलांचं सोन्याचं पात्र, मग जनावरं. पहिल्या दिवशी जे, तेच दुसऱ्या दिवशी. तेच तिसऱ्या. बाराही दिवस शब्दाला शब्द. मी स्वतः चौथ्या सरदारापाशी पान उलटलं होतं. सभेत विचारलं, “कुणाला काही सापडलं का?” सगळे हसले. एक 22 वर्षांचा मुलगा मात्र हसला नाही. तो एका गोदामात आवक-जावक लिहितो. तो म्हणाला, “ताई, मी रोज रजिस्टर भरतो. पहिली ओळ पूर्ण लिहायची आणि खाली माल तोच असेल तर ‘वरीलप्रमाणे’. इथे कुणालाच ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेलं नाही.” मग बोटाने दाखवत त्याने सगळ्यांना पानावरून खाली नेलं. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वंश, मग ताट, कटोरा, पात्र. “बाराव्या दिवशी आलेल्या माणसाचंही पूर्ण लिहिलंय. तो शेवटी आला आणि नवीन काहीच आणलं नाही, तरी.”

खोलीत कुणी बोललं नाही. मी 11 वर्षं या भागावर बोलायचं टाळत आले होते.

मे महिन्यात तोच मुलगा सांगत होता की गोदामात माल उतरवणाऱ्यांची नोंद ‘हमाल 4’ अशी करायची पद्धत होती. आता तो चौघांची नावं लिहितो. साहेबांनी विचारलं, एवढी जागा कशाला वाया घालवतोस? त्याने सांगितलं, हिशोबाला बरं पडतं. तेही खरंच होतं.

वंशावळ्यांची खरी परीक्षा एप्रिलमध्ये आली. 1 इतिहास या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावं, आणि आमच्या क्रमात ते नेमके 13 एप्रिलच्या झावळ्यांच्या रविवारी सुरू होऊन दुःखसहनाच्या सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, आले. मला ते अगदीच विजोड वाटलं. म्हणून 18 तारखेला, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), क्रम मोडून आम्ही मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत मोठ्याने वाचलं. 16 अध्याय, 16 वाचणारे. तासाभरापेक्षा बराच वेळ लागला, पण कुणी हललं नाही. ज्यांना वर्षभराचं झेपणार नाही त्यांनी निदान एवढं तरी करून पाहावं. अध्यायांचे आकडे 13व्या शतकात पडले, नव्या करारातल्या वचनांचे त्याहून पुढे 1551 मध्ये. मार्क एका दमात वाचला की हे आकडे नसलेलं शास्त्र कसं असेल ते कानांना कळतं, आणि सगळं किती घाईघाईने वधस्तंभाकडे चाललं आहे तेही.

मे महिन्यातले दोन आठवडे ईयोबात, म्हणजे दुःखात सापडलेल्या एका नीतिमान माणसाच्या पुस्तकात, गेले. त्यातला एक धडा माझ्यासाठीच असावा: त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ते बरे मित्र होते.

12 जूनला बाबांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. हृदयाचं दुखणं होतं, एवढंच लिहिते. 3 जुलैपर्यंत, म्हणजे 22 दिवस, मी रात्री त्यांच्याजवळ असायचे. स्तोत्रं चालू होती, म्हणून त्या दिवसाचा भाग मी त्यांना वाचून दाखवायचे. 22 जून, रविवार, पाच स्तोत्रं: 87 ते 91. मी 87 वाचलं आणि पुढचं दिसताच थांबले. 88वं स्तोत्र मला माहीत होतं. स्तोत्रात दुःखाने सुरुवात झाली तरी शेवटी बहुधा एखादा आशेचा शब्द असतो. याला तो नाही. हाका, हाका, आणि शेवटी अंधार. मूळ इब्रीतही शेवटचा शब्द तोच आहे. मी हळूच 91वर उडी मारली, परात्पराच्या छायेत राहणाऱ्याचं. बाबांनी डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, “मधलं का गाळलंस?” मी म्हटलं, “बाबा, ते जड आहे.” ते म्हणाले, “वाच. ते लिहिणाऱ्यालाही जडच गेलं असेल.” मी वाचलं. संपल्यावर दोघंही काही बोललो नाही. सलाईनची नळी हातात धरून ते शांत झोपले. दुःखी मुलांना मी इतकी वर्षं 91वं स्तोत्र पाठवत आले. 88वं कुणालाच पाठवलं नव्हतं. आता, ज्याला त्याची गरज आहे असं वाटतं त्याला, विचारून, पाठवते.

3 जुलैला बाबा घरी आले. त्या दिवशी 124, 125, 126 ही स्तोत्रं झाली. 4 जुलैपासून मी वाचू शकले नाही. रोज रात्री शास्त्र उघडायचे आणि पहिल्याच ओळीवर डोळे मिटायचे. सकाळी पुस्तक उशाशी उघडंच. नंतर नंतर उघडायचंही राहिलं. असे 16 दिवस गेले. मुलांना मी मोठ्या तोंडाने सांगितलेला नियम स्वतःला लावून घेताना मात्र जीव कासावीस झाला. युवकांची सेवा करणारी मी, आणि मीच मागे? 19 तारखेच्या शनिवारी सभेत सांगून टाकलं की माझं 16 दिवसांचं राहिलं आहे, 52 अध्याय. मला विचारणारी तीच पहिली मुलगी म्हणाली, “मग उद्या या ना ताई. नीतिसूत्रं 29.” 20 जुलैला मी तिथून पुन्हा सुरू केलं. बावन्न अध्याय मागे तसेच राहिले.

संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांची, पुस्तकं कठीण गेली, यात शंका नाही. एक उपाय कामाला आला: पुस्तकाच्या सुरुवातीला कोणत्या राजाचं नाव आहे ते पाहायचं आणि राजांच्या पुस्तकात तो राजा शोधायचा. मग तो आवाज कुणाशी बोलतोय ते कळतं. 25 ऑगस्टला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय होता. मी त्या दिवशी बाबांच्या उपचारांच्या बिलांसाठी रांगेत उभी होते. एक सही राहिली म्हणून दुसऱ्यांदा. हातात मूळ कागद, साक्षांकित प्रतींचा गठ्ठा, आणि फोनवर यिर्मया. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि तो चुलतभावाकडून अनाथोथातलं शेत विकत घेतो. 17 शेकेल चांदी तोलून देतो, खत लिहून त्यावर सही करतो, साक्षीदार ठेवतो. एक मोहरबंद प्रत आणि एक उघडी प्रत. दोन्ही आपला लेखक बारूख याच्याकडे देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. बुडत्या देशातल्या जमिनीचं इतकं रीतसर खरेदीखत! विश्वास म्हणजे काहीतरी भावनेने उचंबळणारं, असं मुलांना वाटतं आणि कधीकधी मीही तसंच बोलत आले. त्या रांगेत मला तो दोन प्रतींमध्ये, साक्षीदारांच्या सह्यांसकट दिसला. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंशी मी नेहमीपेक्षा सौम्य बोलले असेन, असं वाटतं. सही मिळायला त्यानंतरही नऊ दिवस लागले.

10 ऑक्टोबरला जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक, मलाखी, संपलं. 11 तारखेला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आला, आणि तो सुरू होतो वंशावळीनेच. एरवी नाताळच्या वाचनात आम्ही हा भाग गाळतो. त्या शनिवारी 12 मुलं होती. वाचणारी मुलगी जरुब्बाबेल या नावापाशी आली तशी थांबली. “हा तर आपल्याला माहितीये. एप्रिलमधला.” मग प्रत्येक नावाला कुणी ना कुणी काही आठवू लागलं. तामार. राहाब. रूथ. उरीयाची बायको, जिचं नाव मत्तयाने लिहिलं नाही, यावर दोन मुलींनी जोरात हरकत घेतली. 17 वचनांना तास पुरला नाही. आणि मग मरीया, आणि येशू. दहा महिने वाट पाहायला लावणाऱ्या सरळ क्रमाबद्दल माझी तक्रार त्या दिवशी मिटली.

पुढचं वेगाने गेलं. पौलाची छोटी पत्रं आम्ही पत्रासारखी, एकाने वाचून बाकीच्यांनी ऐकत, संपवली. फिलेमोन तर 25 वचनांचंच आहे. शेवटी असलेल्या बाराजणांपैकी 1189 पैकी 1189 अध्याय वाचलेले तिघेच निघाले. त्यांत काका होते. मी त्यांचं अभिनंदन केलं आणि ते म्हणाले, “तुमच्या नियमाने वाचणारे नऊ, माझ्या नियमाने तीन.” त्यावर आम्ही अजून बोलतो आहोत.

29 डिसेंबरला, सोमवारी, पहिल्यांदाच वाचायला काही नेमून दिलेलं नव्हतं. रात्री बाबांची औषधं झाल्यावर मी राहिलेले 52 अध्याय काढले. पहिलं 127वं स्तोत्र. पाचच वचनं. जुलैमध्ये ज्या ओळीवर माझे डोळे मिटायचे ती याचीच पहिली ओळ होती. दुसऱ्या वचनापर्यंत मी तेव्हा पोचलेच नव्हते. पहाटे उठणं, उशिरापर्यंत जागणं, कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, असं ते वचन म्हणतं. पुढचे शब्द काही भाषांतरांत ‘तो आपल्या प्रियजनांना झोप देतो’ असे आहेत, काहींत ‘झोपेत असतानाही देतो’ असे. मी ते दोन्ही प्रकारे मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, “पुन्हा वाच.”